घर गरम ठेवायचं म्हणजे

९ ऑक्टोबर

मिस्त्री,

आशीर्वाद तुला आहेतच, ते दर वेळी वेगळे लिहीत बसत नाही.

पाकिटावरचं अक्षर बघून तू आधी दचकशील, मग वाटेल कोणीतरी आजारी आहे. कोणी आजारी नाही. आम्ही दोघं ठीक आहोत. चिरंजीव त्याच्या शहरात ठीक आहे, निदान फोनवर तसं म्हणतो. उन्हाळ्यात तुमच्या दोघांच्या कागदांवर सह्या झाल्या, तेव्हापासून कायद्यानं तू आमची कोणी नाहीस हे मला ठाऊक आहे. पण कायद्याला बॉयलर चालवावा लागत नाही. मला लागतो.

तर मुद्द्यावर येतो. काल मागच्या खोलीत जाऊन या मोसमात पहिल्यांदा बॉयलर सुरू केला. तू करायचीस तसंच, गाण्याचं एक कडवं म्हणून होईपर्यंत बटण दाबून धरून. पेटला. पण खोल्याखोल्यांतले पाण्याचे रेडिएटर खाली गरम आणि वर गार. बैठकीतला तर कोणी गुळण्या कराव्यात तसा आवाज काढतोय. तू दर वर्षी या दिवसांत एक छोटी पितळी किल्ली घेऊन घरभर फिरायचीस, प्रत्येक रेडिएटरशी उकिडवी बसायचीस आणि फुस्स असा हवा सुटायचा आवाज यायचा, एवढं मला आठवतं. तुला जागा व्हावी म्हणून मी पेपर वाचता वाचता पाय वर घ्यायचो. माझं या विषयातलं शिक्षण तेवढंच.

आयुष्यभर बस चालवली. इंजिन रुसलं की डेपोतून माणूस यायचा. घरातला डेपो तू होतीस. हे घर गरम करायला म्हणून तू आलीस, जुन्या शेगड्या काढून हे रेडिएटर बसवलेस, आणि काम संपेपर्यंत आमच्या चिरंजीवाला बोहल्यापर्यंत आणलंस. पुढे तुमचं काय बिनसलं ते मी विचारलं नाही, आताही विचारत नाही. मला फक्त एवढं सांग, किल्ली कुठल्या बाजूला फिरवायची? आणि सुरुवात खालच्या मजल्यापासून करायची की वरच्या?

एक अडचण आहे. हे पत्र मी लिहितोय हे हिला माहीत नाही. ही म्हणजे तुझ्या सासूबाई. ‘माजी’ हा शब्द सासूच्या आधी लावायला माझी जीभ वळत नाही. तुझं नाव घरात काढायचं नाही असा नियम तिनं केलाय, आणि तो तीच मोडते, कारण दर दोन दिवसांनी ‘तिचं नाव काढू नका’ म्हणून बजावते. म्हणून उत्तर शेजारच्या पोस्टमास्तरांच्या पत्त्यावर टाक. निवृत्त झाले तरी पत्र पोहोचवायची हौस गेलेली नाही. कुंपणावरून देतील.

तिकडच्या हॉस्पिटलच्या बॉयलरघरात तुला नोकरी लागल्याचं कळलं. बरं वाटलं. एवढे आजारी लोक तुझ्या भरवशावर उबेत आहेत म्हणजे ते सुरक्षित आहेत.

बाबा

२२ ऑक्टोबर

मिस्त्री,

कार्ड मिळालं. ‘खालून सुरू करा. किल्ली डावीकडे, अर्धा फेरा. पाणी आलं की लगेच बंद. मग बॉयलरवरचा दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का बघा, नसेल तर खालचा नळ हळू सोडा. फडकं विसरू नका.’ कशी आहेस, काय खातेस, एक अक्षर नाही. पण ‘फडकं विसरू नका’ हे वाचून मला जे बरं वाटलं ते तुला कसं सांगू?

अर्थात फडकं विसरलो. बैठकीतल्या रेडिएटरनं आधी फुस्स केलं, मग शाईसारखं काळं पाणी थेट भिंतीवर. ही धावत आली. भिंतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, रेडिएटरला वरून हात लावला. वरून गरम!

‘तुम्हाला हे कोणी शिकवलं?’

‘पुस्तकात वाचलं.’

‘कुठल्या?’

‘ग्रंथालयातल्या.’

बिनतिकिटाच्या प्रवाशाकडे कंडक्टर बघतो तशी तिनं माझ्याकडे नजर टाकली आणि भिंत पुसायला लागली. पुढच्या रेडिएटरच्या वेळी मात्र फडकं घेऊन तीच शेजारी उभी होती. सगळं घर करून झालं. काटा हिरव्यात आला. संध्याकाळी आम्ही दोघं बैठकीत बसलो तर ही म्हणाली, ‘या वर्षी लवकर ऊब आली.’ मी मान डोलावली. श्रेय कोणाचं ते मनात म्हटलं.

कार्डाच्या मागे तू बाहेरच्या नळाचं आणि खिडक्यांच्या पट्ट्यांचं लिहिलंस, त्यातलं नळाचं केलं. आतून बंद केला, बाहेरून उघडा ठेवला, पाइपातलं पाणी निथळून जाऊ दिलं. पन्हळीतली पानं काढली. म्हणजे अर्धी मी काढली, उरलेली पोस्टमास्तरांनी काढली.

अक्षर जरा वाकडं आलंय. पेन नवीन आहे.

बाबा

६ नोव्हेंबर

मिस्त्री,

तुझ्या कार्डावर या वेळी दोनच शब्द. ‘कुठला हात?’

उजवा. मनगट. तुझ्यापासून काही लपवायचं म्हणजे अवघड काम आहे. शिडी भिंतीला नीट टेकवली होती, पण वरच्या पायरीवरून मी जरा जास्त लांब वाकलो. पडलो ते मीच खाली टाकलेल्या पानांच्या ढिगावर, म्हणजे सकाळभराच्या कष्टाचं चीज झालं म्हणायचं. नाहीतर मनगटावर भागलं नसतं. प्लास्टर घातलंय, म्हणून हे डाव्या हातानं. पोस्टमास्तर धावत आले, मला दवाखान्यात नेलं, आणि परत आल्यावर थेट शिडीवर चढून उरलेली पन्हळ साफ केली. तसा शेजारी मिळायला नशीब लागतं. चिरंजीवाला आम्ही ‘जरा लचकलंय’ एवढंच सांगितलंय. तो आधीच मागे लागलाय, घर बंद करा आणि हिवाळाभर माझ्याकडे या म्हणून. त्याची एक खोली, त्यात आम्ही दोघं आणि हिचा खोकला. त्यालाही कळतं की ते जमणार नाही, पण काळजी वाटते म्हणून म्हणतो.

आता जे लिहायचं आहे ते नीट वाच.

माझा हात बांधलेला, म्हणून खिडक्यांच्या फटी बुजवायचं काम हिनं घेतलं. तू लिहिलं होतंस तशा नमद्याच्या पट्ट्या आणल्या, एका बाजूला चिकट असतात त्या. ही स्टुलावर चढून पट्ट्या लावतेय आणि मी एका हातानं स्टूल धरतोय, आणि दोघंही एकमेकांना ‘सांभाळून’ म्हणतोय. बैठक झाली, स्वयंपाकघर झालं. मग ही आमच्या निजायच्या खोलीत गेली, तिच्या उशाशी कायम जाड पडद्याआड असते त्या खिडकीकडे. आणि थांबली.

त्या खिडकीला सगळं आधीच केलेलं होतं. चारी बाजूंनी पट्टी, कोपरे कसे तिरके कापून जुळवलेले. आतून दुसरी काच बसवलेली, तिच्या कडांना लांबी भरून वर रंग दिलेला. तिथं मेणबत्ती धरली असती तरी ज्योत हलली नसती. ही म्हणाली, ‘बघा, माझ्या लेकाला आईच्या खोकल्याची केवढी काळजी. बाकी कुठे नाही, पण माझ्या उशाशी बरोबर लावून ठेवलंय.’

मी म्हटलं, ‘त्यानं नाही लावलं ते.’

‘मग कोणी?’

मी तुझं नाव घेतलं नाही. नियम तिचाच होता. तिनं तडक चिरंजीवाला फोन लावला. माझ्या समोर. तो पलीकडून काय म्हणाला ते मला पुसट ऐकू आलं. म्हणाला, ‘मी नाही गं. तिनं. तू मावशीकडे गेली होतीस ना, तेव्हा रजा काढून बसली होती त्या खिडकीशी. मी म्हटलं आईला सांग, तर म्हणाली सांगायचं काय त्यात.’

ही नेहमी ‘बरं’ म्हणून फोन ठेवते. या वेळी तसाच ठेवला. मग स्टूल ओढून त्या खिडकीशी बसली आणि चौकटीवरून बोट फिरवत राहिली. तू बॅगा घेऊन पायरी उतरत होतीस तेव्हा ती दारात काय म्हणाली होती ते तुलाही आठवत असेल. ‘घर सांभाळता आलं नाही हिला.’ मला वाटतं तिलाही तेच आठवत होतं. मी चहा केला, डाव्या हातानं, अर्धा बशीत. तिनं तो तसाच प्यायला, चव बघितल्याशिवाय.

बाबा

३ डिसेंबर

मिस्त्री,

तुझं पार्सल कुंपणावरून आलं. पोस्टमास्तरांनी ते हातात देताना असा चेहरा केला की जणू सरकारी खजिना सुपूर्द करतायत. पाइपांवर चढवायच्या त्या मऊ नळ्या बरोबर मापाच्या निघाल्या. माप तुला इतक्या लांबून कसं आठवलं? पोटमाळ्यावरच्या सगळ्या पाइपांना चढवल्या. पोस्टमास्तर वर, मी खालून सूचना देणारा. कोपऱ्यातल्या वळणावर दोन तुकडे तिरके कापून जोडले, तू चित्र काढून दिलं होतंस तसे. प्लास्टर निघालंय. हात आहे, पण त्यात जोर नाही.

बर्फ पडायला लागलं. पहिल्या दिवशी छान वाटलं, दुसऱ्या दिवसापासून फावडं.

ही बदलली आहे असं नाही म्हणणार. पण नियम मोडायची तऱ्हा बदलली आहे. परवा बैठकीत म्हणाली, ‘मोठा रेडिएटर आपल्या खोलीत बसवला तेव्हा मी भांडले होते, बैठकीत पाहुणे येतात तिथं बसवा म्हणून. कोण ऐकेल!’  मी पेपर उलटा धरला होता हे नंतर लक्षात आलं.

आता अडचणीचं. बॉयलरचं पाणी घरभर फिरवणारा पंप कण्हतो. आधी कधीतरी, आता रोज सकाळी. तू लिहिल्याप्रमाणे वीज बंद करून मधला मोठा स्क्रू काढला, आतला दांडा फिरवून बघितला. जड फिरतो. दोन दिवस बरा चालला आणि पुन्हा कण्हायला लागला. तुझं कालचं कार्ड वाचलं: ‘हा पंप हिवाळा काढणार नाही. तिथल्या माणसाला आत्ताच बोलवा, थंडी वाढली की तो मिळणार नाही.’ बोलावलं. तो म्हणाला यादीत घालतो. यादी बरीच लांब आहे म्हणाला.

तुझी तब्येत जप. बॉयलरघरात घाम येतो आणि तशीच बाहेर पडतेस तू, मला ठाऊक आहे.

बाबा

१९ डिसेंबर

मिस्त्री,

तू सुखरूप पोहोचल्याचा निरोप पोस्टमास्तरांकडे आला तेव्हा कुठे आम्हा दोघांच्या जिवात जीव आला. रस्ता तू गेल्यावर थोड्याच वेळात बंद झाला, रेडिओवर सांगितलं.

त्या दिवशी तू येऊन जे बघितलंस ते तुला माहीत आहे. जे तुझ्या नजरेला पडलं नाही ते लिहितो, कारण ते तुला कळायला हवं असं मला वाटतं.

सकाळी उठलो तर खिडक्यांना आतून बर्फाची नक्षी. तुझ्या त्या खिडकीला तेवढी नव्हती. रेडिएटर मढ्यासारखे गार. मागच्या खोलीत बॉयलर पेटायचा, विझायचा, पुन्हा पेटायचा, किटलीसारखा गुरगुरायचा. पंपाचा आवाजच नाही. हात लावला तर चटका बसला. इथल्या बॉयलरवाल्याला फोन केला. बिचारा खरं तेच बोलला. म्हणाला, ‘काका, आधी शाळा, मग दवाखाना, मग तान्ही मुलं असलेली घरं. तुमच्याकडे यायला मला गुरुवार उजाडेल.’ मी बॉयलर बंद केला.

विजेची छोटी शेगडी घेऊन आम्ही स्वयंपाकघरात बसलो. हिच्या छातीतून शिट्टी वाजायला लागली होती. ती वाजतेय हे मला कळू नये म्हणून ती भांडी आपटत होती. आणि मग एकदम म्हणाली, ‘तुमच्या मिस्त्रीचा नंबर काढा.’

मी म्हटलं, ‘अगं, तो गुरुवारी येतो म्हणाला ना.’

‘तो नाही. जिची कार्डं कुंपणावरून येतात ती.’

घाटात ब्रेक निकामी झाल्यासारखं मला झालं. तिला पहिल्या कार्डापासून माहीत होतं. पोस्टमास्तरीणबाई एकदा साखर मागायला आल्या होत्या, आणि ‘काय सुरेख अक्षर आहे हो तुमच्या सुनेचं’ म्हणून गेल्या होत्या. ग्रंथालयातलं पुस्तक तेव्हापासून तिच्या ध्यानात होतं. तरी ती फडकं घेऊन माझ्या शेजारी उभी राहायची, दर वेळी.

नंबर दिला. तिनं चष्मा लावला. केस नीट केले. फोनवर माणूस दिसत नाही हे तिला कळतं, तरी. मग म्हणाली, ‘मी बोलतेय.’ चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मला वाटलं तू फोन ठेवलास. मग ही म्हणाली, ‘पंप गेला. तुझे बाबा गारठलेत.’

मी गारठलो नव्हतो. मी दोन स्वेटर घालून शेगडीला चिकटून बसलो होतो. गारठली होती ती. पण स्वतःसाठी मागायला तिला तोंड नव्हतं, म्हणून माझ्या नावावर मागितलं. त्यानंतर तिनं नुसतं ‘हं’, ‘लावलं’, ‘हं’ केलं आणि फोन ठेवून म्हणाली, ‘येतेय.’

आणि मग तू येईपर्यंत ती एका जागी बसली नाही. मी आणि पोस्टमास्तर फाटकापासून दारापर्यंतचं बर्फ ओढत होतो. आत येऊन बघतो तर ही मागच्या खोलीत बॉयलर पुसतेय! पंप बदलायला माणूस येतंय म्हणून कोणी बॉयलर पुसतं का गं? केर काढला. कोपऱ्यातले डबे हलवून तुला हात घालायला जागा केली. जमिनीवर घोंगडी दुमडून ठेवली. तू गुडघ्याखाली ती ओढून घेतलीस आणि माझ्याकडे बघून ‘थँक्यू बाबा’ म्हणालीस. ती मी ठेवलेली नव्हती. सांगायला तोंड उघडलं होतं, पण हिनं डोळे वटारले.

पुढचं तुला माहीत आहे. तू बूट दारात काढलेस, हत्यारांची पेटी घेऊन सरळ आत गेलीस, म्हणालीस, ‘टॉर्च धरा कोणीतरी.’ माझ्या हातात अजून जोर नाही म्हणून हिनं घेतला. तुझं काम संपेपर्यंत तिनं तो धरला, आणि तुम्ही दोघी मिळून एकच वाक्य बोललात. तू म्हणालीस ‘थोडं वर’, आणि तिनं थोडा वर केला. मी दारात उभा राहून बघत होतो. जुना पंप निघाला, मधलं रबरी गॅस्केट बदललं, तू आणलेला नवा बसला, पाणी भरलं, तू बटण दाबलंस. आणि भिंतींमधून ती टिकटिक सुरू झाली, पाइप गरम होताना होते ती. मी आयुष्यात पुष्कळ इंजिनं सुरू होताना ऐकली आहेत. पण असा आवाज त्यांतल्या एकाचाही नव्हता.

तू उभ्या उभ्या चहा घेतलास, आभाळाकडे बघितलंस, ‘रस्ता बंद व्हायच्या आत निघते’ म्हणालीस आणि गेलीस. ही खिडकीत होती. तुझी गाडी वळणावर दिसेनाशी झाल्यावरही होती.

मग रेडिएटरला पाठ लावून बसली. छातीतली शिट्टी हळूहळू कमी झाली. मी विचारलं, ‘फोनवर काय म्हणाली ती?’

‘म्हणाली, “आई, एकाच खोलीत बसा. दाराखाली काहीतरी लावा. नळ थोडे थोडे सोडून ठेवा, पाणी गोठेल. मी निघतेय.”’

‘आणि?’

‘आणि काय असणार. आई म्हणाली ती मला.’ एवढं बोलून तोंड फिरवलं.

घरच्या माणसाचे आभार मानू नयेत म्हणतात. पण कायद्यानं तू घरची नाहीस, त्याचा हा एक फायदा मला मिळाला आहे तो मी सोडणार नाही. मिस्त्री, तुझे आभार. पंपाचे तर आहेतच. पण आम्ही उबेत बसून पेपर वाचला त्या सगळ्या हिवाळ्यांचे, ज्यांच्यामागे काय काय असतं ते मला या वर्षी कळलं. रोज सकाळी काटा हिरव्यात आहे का बघायला जातो तेव्हा मनात म्हणतोच, आज लिहून टाकलं.

बाबा

१४ जानेवारी

मिस्त्री,

रस्ते मोकळे झाले आणि रविवारी चिरंजीव येऊन गेला.

आम्ही त्याला फोनवर ‘पंप बदलला’ एवढंच सांगितलं होतं. कोणी बदलला ते त्यानं विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. कागद झाले त्या दिवसांत तो मला म्हणाला होता, ‘बाबा, तुम्हाला तिच्याशी बोलायचं तर बोला. पण मला सांगू नका, मला ते सोसत नाही.’ म्हणून माझ्या जिवाला घोर होता. एका लेकराला जवळ ठेवताना दुसरं हातचं जाऊ नये, एवढंच मागणं होतं माझं.

आल्या आल्या तो मागच्या खोलीत गेला. नवा पंप बघायला. तू नव्या भागावर मार्करनं तारीख घालतेस ना, तशी या पंपावर घातली आहेस, खाली तुझी ती छोटी रेघ ओढून. आम्ही बैठकीत बसलो होतो. तो बराच वेळ बाहेर आला नाही. हिनं माझा हात धरला. दुखरा, पण मी काढून घेतला नाही.

बाहेर आला तो अंगात कोट तसाच. विचारलं, ‘ती आली होती?’

मी काही बोलायच्या आत ही म्हणाली, ‘मी बोलावलं. यांनी नाही. मी.’

तो रेडिएटरपाशी गेला. त्यावर हात ठेवला, मग जमिनीवर बसला, पाठ टेकून. शाळेतून भिजून यायचा तेव्हा बसायचा तसा. मला त्याचा चेहरा दिसत नव्हता. मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होतो, की बाबा रे, तुझ्या आईचा श्वास अडकला होता, की आमचा नाइलाज झाला, की कोणाची बाजू घेण्याचा यात प्रश्न नाही. त्यातलं एकही वाक्य मला लागलं नाही.

तो म्हणाला, ‘जेवून गेली का?’

हिला पटकन कळलंच नाही. ‘काय?’

‘एवढ्या लांबून आली, गाडी चालवत. परत जायचं होतं. काही खाऊन गेली का?’

ही म्हणाली, ‘नाही रे. चहा घेतला नुसता. उभ्यानं.’

‘तिला भूक लागली की ती सांगत नाही, आई. गाडीत बिस्किटाचा पुडासुद्धा ठेवत नाही. किती वेळा सांगितलं.’

आणि मिस्त्री, ही रडायला लागली. तू गेलीस त्या दिवशी रडली नव्हती. कागद झाले तेव्हा नाही. बॉयलर बंद पडला तेव्हा नाही. ‘माझ्या तोंडून निघालंच नाही रे,’ म्हणत होती. ‘ओट्यावर सूप होतं. गरम होतं. तिनं घर गरम करून दिलं आणि मी तिला “बस”सुद्धा म्हटलं नाही.’

चिरंजीव उठला, तिच्या खुर्चीच्या हातावर बसला. त्यानं तिला समजावलं नाही, तुझ्याबद्दल वाईट बोलला नाही, चांगलंही बोलला नाही. थोड्या वेळानं म्हणाला, ‘पुढच्या वेळी जेवू घाल. मी नसेन त्या दिवशी बोलव हवं तर. पण बोलव.’

मग कोट काढला, शिडी मागितली आणि पोटमाळ्याच्या झाकणाला सगळीकडून पट्टी लावून दिली. तिथून वारा येतो हे मी तुला कळवलं नव्हतं, तुला आणखी एक काम नको म्हणून. पट्टीचे कोपरे त्यानं तिरके कापले. ते कुठे शिकला हे मी विचारलं नाही.

तर आता हे आमंत्रण समज. ही स्वतः लिहिणार होती, दोनदा कागद घेतला, दोनदा फाडला. म्हणते, तुम्हीच लिहा, तुमचं अक्षर तिला वाचता येतं. बर्फ वितळेपर्यंत थांबायची गरज नाही. रस्ता उघडा आहे, फाटकापासून दारापर्यंत मी रोज साफ ठेवतो. या खेपेला पेटी आणू नकोस. घरात काही बिघडलेलं नाही, आणि काही बिघडल्यावरच तुला बोलवायचं हे बरं दिसत नाही. बसून जेवायचं. राहायचं असेल तर वरची खोली गरम आहे, मी तिथला रेडिएटरही उघडून ठेवलाय.

चिरंजीव आता दर रविवारी येणार म्हणतो, म्हणून मी तुला रविवार सोडून कधीही ये असं लिहिणार होतो. पण निघताना गाडी सुरू केल्यावर त्यानं काच खाली केली आणि म्हणाला, ‘आणि तिला रविवारीच जमणार असेल, तर मला आधी कळवा.’

म्हणजे त्या दिवशी त्यानं यायचं नाही म्हणून की मुद्दाम यायचं म्हणून, ते मला कळलं नाही. मी विचारलंही नाही. तो गेल्यावर ही म्हणाली, त्यालाही अजून कळलं नसेल.

तू तुला जमेल तो वार कळव.

बाबा